कडूबाई पास, चाचा नापास

भिंतीवर टांगलेला तक्ता पाहिला की मला अजून मळमळतं. शाळेतला असो, दवाखान्यातला असो, एसटीच्या वेळापत्रकाचा असो. बायको म्हणते, तुमचं वय झालं, पित्त वाढलंय. पित्त नाही. असल्याच एका तक्त्यानं माझ्या शेजारचं चालतं दुकान बंद पाडलं आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं, त्याची ही शिसारी आहे.

मी गुरुलिंग. मुरुमच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. माझ्या भिंतीला भिंत लावून जैनोद्दीन चाचाचं चष्म्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, तर बसायची फळी, एक पत्र्याची पेटी, तिच्यात सोलापूरहून आणलेल्या काचा आणि काड्या, आणि काचेची कड घासायचा, पायानं फिरवायचा दगड. त्या दगडाची करकर आणि माझ्या मशीनची खडखड दिवसभर एकमेकींशी भांडायची. चाचा काही साधुसंत नव्हता. तोंडानं फटकळ, पान-तंबाखूच्या पिचकाऱ्यांनी समोरचं गटार रंगवणारा, आणि गिऱ्हाइकाची मिजास काडीची खपवून न घेणारा. कुणी काच महाग आहे म्हटलं की म्हणायचा, "मग आंधळा ऱ्हा की बाबा. ते फुकट हाय." आणि पेटीचं झाकण आपटायचा. लोक शिव्या खायचे आणि तिथंच बसायचे.

नंबर काढायची त्याची एक तऱ्हा होती. जो माणूस जे काम करतो, ते काम चाचा त्याच्या हातात द्यायचा. माझ्यासारख्याला सुई-दोरा. पोथी वाचणाऱ्याला पोथी. डाळ निवडणाऱ्या बाईला मूठभर डाळ आणि तिच्यात मुद्दाम मिसळलेले खडे. लांबचं पाहायचं असलं तर बाजाराच्या टोकाच्या लिंबाकडं बोट करायचा, "कावळे बसलेत का पानंच हायेत, सांग." एकेक काच डोळ्यापुढं धरत जायचा, आणि माणूस "आता दिसतंय" म्हणाला की थांबायचा. त्याचं चुकायचंही. एकाचं त्याच्या काचांनी डोकं धरलं, तो भांडायला आला, तेव्हा चाचानं काचा बदलून दिल्या आणि वर त्यालाच झापलं, की खोटं का बोललास. डोळ्याच्या आत काय बिघडलंय ते त्याला कळत नव्हतं, आणि कळतं असं त्यानं कधी म्हटलंही नाही. ज्याला कुठल्याच काचेनं दिसत नसे, त्याला तो सरळ सांगायचा, "सोलापूरला जा, डाक्टर बघ. माझ्या पेटीत तुझं औषध न्हाय."

आमच्या दोन दुकानांच्या मधल्या पायरीवर कडूबाई बसायची. आडत्यांच्या घरची डाळ, तांदूळ, धने निवडून द्यायचं तिचं काम. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा रामकिसन सोलापूरला गिरणीत. पायरीवर उजेड चांगला म्हणून ती सूप घेऊन तिथं यायची आणि दिवस मावळेपर्यंत निवडत राहायची. तिला जवळचं दिसत नव्हतं आणि लांबचंही नव्हतं. चाचानं तिला जाड काचांचा चष्मा करून दिला होता. एका बाजूची काडी तुटली, तिथं तिनं माझ्याकडचा काळा दोरा बांधून तो कानात अडकवला होता. त्या चष्म्यातून तिचे डोळे बैलाच्या डोळ्यांएवढे दिसायचे. पण सुपात खडा राहत नव्हता.

आता सरकारचं ऐका. निजाम गेला, हैदराबादचं राज्य आलं, ते मोडलं, मग आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि शेवटी महाराष्ट्र झाला. दर वेळी चाचाला कुणीतरी सांगायचं, परवाना नवा करा. त्याच्याकडं निजामाच्या काळातला उर्दू कागद होता. तो प्रत्येक राज्याला दाखवायचा, आणि प्रत्येक राज्य त्यावर एक शिक्का मारायचं. महाराष्ट्र झाल्यावर मात्र नियमच नवे आले. चष्मा विकायचा तर आधी डोळे तपासता आले पाहिजेत, डोळे तपासायचे तर ठरलेल्या तक्त्यावर, आणि ते येतं की नाही हे साहेबापुढं करून दाखवायचं. सोबत एक पेशंट आणायचा.

नियम वाईट होता असं मी म्हणत नाही. जत्रांमधून सुया घेऊन फिरणारे भोंदू लोक मी पाहिले आहेत. मोतीबिंदू काढतो म्हणायचे, डोळ्यात सुई घालायचे, आणि डोळ्याची पट्टी सुटायच्या आत गाव सोडायचे. त्यांच्यासाठी नियम हवाच होता. पण ते कुणाला सापडले नाहीत, कारण ते एका जागी बसत नव्हते. सापडला कोण, तर फळी टाकून रोज त्याच जागी बसणारा जैनोद्दीन चाचा. आपल्या सरकारी खात्यांची ही रीत पाहिली की मला तोंडात माती गेल्यासारखं होतं.

तक्ता टपालानं आला. वर एक मोठं अक्षर, खाली दोन, मग तीन, असं करत करत खाली मुंग्यांएवढी अक्षरं. ग. र प. त न ल. म क व ज. चाचा उर्दू वाचायचा, मराठी बोलायचा, पण मराठी अक्षर त्याला ओळखू येत नव्हतं. तो तक्ता घेऊन माझ्याकडं आला.

"मास्तर, ह्ये काय लिहून ऱ्हायलेत ते एकदा मला वाचून दावा. मी याद करतो."

मी वाचून दाखवला. चाचा फळीवर बसून, मदरशातली पोरं डोलतात तसा डोलत डोलत तो तक्ता पाठ करू लागला. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी याचं चालूच. ग. र प. त न ल. पानवाला कंटाळला, मी कंटाळलो, चाचाची बायको सायराबी भाकरी घेऊन आली तर तिनंही कपाळाला हात लावला. कंटाळली नाही ती कडूबाई. जात्यावर बसणाऱ्या बाईला पाठ करणं काही नवं नसतं. तिनं त्या अक्षरांना दळणाच्या ओवीची चाल लावली. डाळ निवडता निवडता म्हणायची, "ग बाई ग, र प, त न ल गं, म क व ज…" आणि अगदी खालच्या मुंग्यांपर्यंत न चुकता जायची. चाचा अडकला की पायरीवरून तीच पुढचं अक्षर सांगायची. आम्ही हसायचो. हसलो, तेव्हा कळलं नाही की यात काय वाढून ठेवलंय.

पेशंट म्हणून मी जायला तयार होतो. चाचा म्हणाला, "तुमचं लांबचं साफ हाय मास्तर. तुमी बिनचष्म्याचं सगळं वाचून मोकळे व्हाल, मग मी काय दावू? कडूबायला चष्म्याबिगर भिंत बी दिसत न्हाय. तिला चष्मा लावला की फरक साहेबाला बसल्या जागी कळंल." ते मलाही पटलं. कडूबाई लगेच तयार झाली. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं. मी सोबत गेलो, कारण कागद वाचायला कुणीतरी पाहिजे होतं.

उमरग्याच्या डाक बंगल्यावर साहेब उतरला होता. बाहेर पडवीत माणसं बसलेली. आमच्या आधी मुरुमचाच हिंमतराव आत गेला. हा हिंमतराव एका पुढाऱ्याचा भाचा. शाळा अर्धी, तालीम अर्धी, सासऱ्याची शेतीही अर्धीच केलेली. मग कुठल्याशा शहरात जाऊन थोडे दिवस काहीतरी शिकून आला, आणि आता त्याला चष्म्याचं दुकान टाकायचं होतं. पेशंट म्हणून त्यानं मेहुण्याला आणलं होतं, तो तलाठी. तलाठ्यानं चष्मा काढून अर्धा तक्ता वाचला, चष्मा लावून पूर्ण वाचला, आणि दोघं चहा पिऊन हसत बाहेर आले. काम एवढंच होतं.

मग आम्ही. साहेबानं वर न बघता सांगितलं, बाईंना खुर्चीवर बसवा, चष्मा काढा. कडूबाई उभ्या जन्मात खुर्चीवर बसली नव्हती. ती कडेला टेकली, पदर सावरला, हात जोडले. चाचानं तिला येताना एसटीत बजावलं होतं, की आधी दिसत नाही म्हणायचं, मग मी काच लावीन, मग दिसतं म्हणायचं. पण तिथं दारावरच्या शिपायानं बाहेरच्या लोकांना मोठ्यानं सांगितलं, "गप्प बसा, आत परीक्षा चालू हाय." तो शब्द तिच्या कानावर पडला आणि सगळं उलटं झालं.

परीक्षा म्हणजे काय ते तिला माहीत होतं. रामकिसन लहान असताना शाळेत साहेब आला होता. त्यानं विचारलेलं रामकिसनला आलं नाही, तर गुरुजींनी पोराला सगळ्यांदेखत झोडपला आणि त्या दिवसापासून तो शाळेत गेला नाही. साहेबानं विचारलं आणि येत नाही म्हटलं, की काय होतं, एवढंच तिला परीक्षेबद्दल कळलेलं. आणि ही परीक्षा चाचाची होती.

"वाचा," साहेब म्हणाला.

कडूबाईनं डोळे मिटले नाहीत, पण भिंतीकडंही पाहिलं नाही. ती खिडकीकडं तोंड करून बसली होती आणि तक्ता होता दाराशेजारी. तिनं दळणाच्या चालीवर सुरू केलं, आणि वरच्या मोठ्या अक्षरापासून शेवटच्या मुंगीपर्यंत सगळा तक्ता एका दमात म्हणून टाकला. मी चाचाकडं पाहिलं. त्याच्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली होती.

साहेबानं मान खालीच ठेवून प्रत्येक ओळीला खूण केली. मग पहिल्यांदा वर पाहिलं, ते चाचाकडं.

"या बाईंची नजर उत्तम आहे. यांना एवढ्या जाड काचांचा चष्मा कशासाठी विकला?"

चाचा म्हणाला, "साहेब, तिनं पाठ म्हनलं. तिचं तोंड कुठं हाय बघा, तक्ता कुठं हाय बघा."

"म्हणजे पेशंटला पढवून आणलं."

"पढवलं असतं तर दिसत न्हाय असं पढवलं असतं ना साहेब. मला त्याच्यात फायदा होता."

यात काही चुकीचं नव्हतं. शहाण्या माणसाला हसू आलं असतं आणि त्यानं पुन्हा नीट बसवून विचारलं असतं. पण साहेबाच्या खुणा करून झाल्या होत्या, आणि झालेली खूण खोडायला त्याचा जीव धजत नव्हता. त्यानं लिहिलं की हा इसम चांगल्या डोळ्यांच्या लोकांना चष्मे विकतो. चाचा नापास. आणि पुरावा म्हणून कडूबाईचा दोरा बांधलेला चष्मा कागदात गुंडाळून, वर लाख लावून, साहेबानं आपल्या पेटीत टाकला. त्या लाखेचा वास आठवला तरी मला ओकारी येते.

परत येताना एसटीत कडूबाई माझ्या बाजूला बसली होती. चष्मा नसल्यानं तिला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. ती खुशीत होती.

"मास्तर, एक बी चुकलं न्हाय न्हवं? पास झाले न्हवं म्या?"

चाचा पुढच्या बाकावर होता. तो मागं वळून म्हणाला, "पास झालीस कडूबाय. एकदम पास." मग खिडकीतून पिचकारी टाकून पुढं बघत बसला. तिला खरं काय झालं ते दुसऱ्या दिवशी सायराबीनं सांगितलं. कडूबाईनं त्या दिवशी सूप हातात घेतलं नाही.

घेऊन तरी काय करणार होती. चष्म्याशिवाय तिला डाळ आणि खडा सारखेच. बोटांनी चाचपून निवडायची, पण बोटांना सगळं कळत नाही. थोड्या दिवसांत एका आडत्याची दाढ तुटली आणि त्याच्या घरचं काम गेलं. एकाचं गेलं की बाकीच्यांना कारणच पाहिजे असतं. चाचानं दुसरा चष्मा करून दिला असता, पण परवाना नसताना विकला किंवा फुकट दिला तरी गुन्हा, असं कागदात लिहिलं होतं, आणि तो कागद मीच त्याला वाचून दाखवला होता. इकडं हिंमतरावानं बाजाराच्या तोंडाशी दुकान थाटलं. रंगवलेली पाटी, काचेचं कपाट, भिंतीवर तोच तक्ता. काचाही त्याच, सोलापूरच्या त्याच व्यापाऱ्याकडच्या. फक्त ज्याला वाचता येत नाही असा माणूस गेला, की हिंमतराव गोंधळायचा, मग अंदाजे कुठलीतरी काच द्यायचा आणि सांगायचा, सवय होईल. लोकांना सवय होत नव्हती. चष्मा कोनाड्यात पडायचा आणि मोठ्या माणसाच्या भाच्याकडं तक्रार कोण नेणार.

चाचा गप्प बसणारा नव्हता. उस्मानाबादला खेटे घातले, अर्ज केले. मी लिहायचो, तो सही करायचा, उर्दूत. शेवटी पुन्हा एकदा बोलावणं आलं. त्यात अट होती: त्याच पेशंटला आणावं. मी म्हटलं, चाचा, वाचता येणारा कुणीतरी नेऊ, अर्ज करून बघू. चाचा म्हणाला, "अर्जाचा कंटाळा आला मास्तर. आन तिच्यापायी गेलं, तिच्यापायीच येऊ द्या. तिच्या जिवाला घोर लागलाय." परीक्षेपुरती काच लावायची परवानगी त्या बोलावण्यातच होती, म्हणून त्यानं तिच्यासाठी नवा चष्मा घासला. दोन्ही काड्या धडक्या असलेला. त्या दिवशी दगडाची करकर ऐकून मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

कडूबाईला चाचानं एकच सांगितलं. "पाठ केलेलं विसर. जे दिसंल त्येच बोल. न्हाय दिसलं तर न्हाय म्हन. खरं बोल, बाकी मी बघतो."

तोच डाक बंगला, तोच साहेब. या वेळी मी तिची खुर्ची नीट तक्त्याकडं वळवली. चष्मा काढल्यावर साहेबानं विचारलं तर ती म्हणाली, "धुरकट हाय. भिंत हाय का दार हाय ते बी कळत न्हाय." चाचानं माझ्याकडं पाहिलं. काम होणार असं दोघांनाही वाटलं. मग त्यानं तिला चष्मा लावला. तिचं तोंड उजळलं. इतक्या दिवसांनी तिला माणसं दिसली होती. तिनं आधी चाचाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग तक्त्याकडं.

"आता वाचा," साहेब म्हणाला.

कडूबाई तक्ता वरपासून खालपर्यंत निरखत राहिली.

"वाचा की. दिसतंय ना?"

"दिसतंय साहेब. वर एक मोठं काळं हाय. त्येला डाव्या अंगाला आकडी हाय आन शेजारी काठी हुभी हाय. खाली दोन हायेत, त्यांच्याखाली बारीक बारीक हायेत."

"अक्षराचं नाव सांगा."

"नाव ठावं न्हाय. मला अक्षर येत न्हाईत."

"मागच्या वेळी तर सगळी वाचली होती."

"तवा म्हनली व्हती साहेब, वाचली न्हवती."

एवढं सरळ उत्तर मी आयुष्यात ऐकलं नाही. साहेबानं लेखणी खाली ठेवली. मला वाटलं, आता कळलं याला. पण तो जे बोलला, ते मी विसरायचा फार प्रयत्न केला आहे आणि मला जमलेलं नाही.

"वाचता येत नाही, तर हिला चष्मा हवाय कशाला?"

कडूबाईला वाटलं तो तिलाच विचारतोय. ती म्हणाली, "डाळ निवडाया."

चाचा कधी नव्हे तो हात जोडून म्हणाला, "साहेब, हिला दिसून ऱ्हायलंय. आकडी सांगितली, काठी सांगितली. मूठभर डाळ आनतो, खडे टाकतो, तुमच्यासमोर निवडंल."

"नियमात 'वाचणे' असं आहे. 'दिसणे' असं नाही. चष्मा लावल्यावरही पेशंटला एक अक्षर वाचता आलेलं नाही. चष्मा निरुपयोगी."

नापास. तो चष्माही जमा. शिपायानं तो तिच्या नाकावरून काढला तेव्हा ती मागं सरली नाही. फक्त काढायच्या आधी तिनं एकदा सगळीकडं पाहून घेतलं. त्या साहेबाच्या अंगावर थुंकावं असं मला वाटलं. थुंकलो नाही. नमस्कार करून बाहेर आलो, सगळे येतात तसा. एसटीपर्यंत कडूबाई माझी बाही धरून चालत होती.

खोटं बोलली तेव्हा डोळे चांगले म्हणून चाचा नापास. खरं बोलली तेव्हा चष्मा वाईट म्हणून चाचा नापास. यात चाचानं काय करायला हवं होतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. ज्या जिल्ह्यात शाळेचं तोंड न पाहिलेली माणसं गावंच्या गावं भरून होती, तिथं डोळे तपासायला अक्षरांचा तक्ता पाठवणाऱ्याला आपण काय करतोय हे कळलं नसेल, असं मी एक वेळ मानीन. पण समोर बसलेल्या बाईला दिसतंय हे दिसत असून ज्यानं लिहिलं नाही, त्याला मी माफ करणार नाही.

चाचानं दुकान बंद केलं. फळी काढली, दगड सायराबीच्या अंगणात नेऊन ठेवला. मग पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तो सरहद्दीपलीकडच्या बाजाराला जाऊ लागला. मुरुमहून सरहद्द काही फार लांब नाही. पलीकडं म्हैसूर राज्य, तिथं तेव्हा असला नियम नव्हता, निदान कुणी विचारत नव्हतं. इकडची म्हातारी माणसं त्याच्या मागं पलीकडं जायची, चष्मा लावून यायची. कडूबाईही गेली. तिसरा चष्मा घेऊन आली. पण तिच्या मनात धास्ती बसली होती. पँट घातलेला माणूस लांबून येताना दिसला की ती चष्मा काढून कनवटीला लपवायची, आणि तो जाईपर्यंत आंधळ्यासारखी बसून राहायची. मग तो पोस्टमन का असेना.

पुढं एका बाजाराच्या दिवशी हिंमतरावानं मोफत नेत्रतपासणी ठेवली. मांडव, हार, लाऊडस्पीकर, त्याचा पुढारी मामा, आणि पाहुणा म्हणून तोच साहेब. तो आता बढती मिळून मोठा झाला होता. मी आणि चाचा लांब लिंबाखाली उभे होतो. चाचाला तिथं यायची काही गरज नव्हती, पण तो आला होता. म्हाताऱ्या माणसांचा फोटो पाहिजे म्हणून हिंमतरावाच्या माणसांनी पायरीवर बसलेल्या कडूबाईला उठवून नेलं. जाता जाता तिनं चष्मा काढून कनवटीला खोवलेला मला दिसला.

तिला खुर्चीवर बसवलं. हिंमतराव लाऊडस्पीकरवर म्हणाला, "वाचा मावशी." मागून साहेबाचा आवाज आला, "घाबरू नका, वाचा." तो आवाज तिनं ओळखला असणार. खरं बोलून काय झालं ते तिनं पाहिलं होतं. पाठ म्हटलं तेव्हा निदान पास तरी झाली होती. तिनं हात जोडले आणि चाल धरली. ग बाई ग, र प, त न ल गं…

शेवटच्या मुंगीपर्यंत. टाळ्या पडल्या. हिंमतराव म्हणाला, या वयातही नजर धडधाकट. मामाला त्याहून चांगलं सुचलं. त्यानं माईक ओढून घेतला आणि सांगितलं, बघा, आपल्या गावात शिक्षणाचा प्रसार कुठवर झाला आहे, आपली ही अडाणी बहीण आज खाडखाड वाचते आहे. पुन्हा टाळ्या. साहेबानंही वाजवल्या. जिच्यावरून आपण चाचाला दोनदा नापास केलं तीच बाई आपल्यासमोर बसली आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. मी पान थुंकून टाकलं, ते तोंडात राहीना.

तिच्या गळ्यात एक हार पडला आणि तिला मोकळं केलं. मांडवाच्या कडेला फळ्यांची पायरी होती, ती तिला दिसली नाही. पाय चुकला, ती हातांवर पडली. टाळ्या चालूच होत्या. मी निघेपर्यंत चाचा पोचला होता. त्यानं तिला धरून उठवलं, तिच्या तळव्याची माती झाडली आणि म्हणाला, "बस झालं कडूबाय. काढ तो चष्मा, घाल."

तिनं कनवटीवर हात दाबून धरला आणि खालच्या आवाजात विचारलं, "साहेब गेला का?"

चाचानं वर मांडवात पाहिलं. साहेब तिथंच, दहा पावलांवर, पेढा खात आमच्याकडंच बघत होता.

"गेला," चाचा म्हणाला. मग तिच्याकडून चष्मा घेतला, सदऱ्याच्या टोकानं काचा पुसल्या, आणि भर बाजारात, सगळ्यांदेखत, बिनपरवाना तिच्या नाकावर नीट बसवून दिला.